पिवळं, बिनरंगी, पुन्हा पिवळं

रसायनशास्त्राशी आपल्यापैकी बहुतेकांचा संबंध बारावीच्या प्रॅक्टिकलनंतर सुटतो. मागे उरतं ते ब्युरेट, पिपेट आणि टायट्रेशन. थेंब थेंब सोडत राहायचं, एका क्षणी द्रावणाचा रंग बदलतो, आपण रीडिंग लिहितो (किंवा शेजारच्याचं बघून जुळवतो) आणि विषय संपतो. रंग बदललेलं द्रावण आपणहून परत पहिल्या रंगावर येईल, मग परत दुसऱ्या, आणि हे असं तासभर चालेल, असं आपण जर्नलमध्ये लिहिलं असतं तर बाईंनी त्यावर सही केली नसती.

१९५१ साली मॉस्कोत साधारण हेच झालं. फरक एवढाच की जर्नल लिहिणारा बारावीचा विद्यार्थी नव्हता. बोरिस पावलोविच बेलूसोव तेव्हा ५८ वर्षांचे होते. माणूस मोठा विलक्षण. १९०५ च्या रशियन क्रांतीच्या वेळी हा मुलगा थोरल्या भावाबरोबर चळवळीत होता, मग देश सोडून स्वित्झर्लंडला गेला, झुरिचला रसायनशास्त्र शिकला आणि पहिल्या महायुद्धाच्या सुमारास परत आला. पुढची बरीच वर्षं लष्करासाठी रसायनशास्त्र. विषारी वायू, त्यांच्यावरचे उपाय, अशी कामं. ब्रिगेड कमांडरच्या हुद्द्यापर्यंत पोचले. लष्करातून बाहेर पडल्यावर मॉस्कोतल्या जीवभौतिकी संस्थेच्या एका प्रयोगशाळेत काम करत होते.

त्यांच्या डोक्यात होतं क्रेब्स चक्र. आपल्या पेशी अन्नातून ऊर्जा काढतात तेव्हा सायट्रिक आम्लापासून सुरू होऊन परत सायट्रिक आम्लावर येणारं एक चक्र फिरत असतं, ते हे. बेलूसोवना त्याची एक साधी, परीक्षानळीत बसणारी नक्कल करून बघायची होती. पेशीतल्या एन्झाइम्सच्या जागी त्यांनी सिरियम हा धातू घेतला, ऑक्सिडीकरणासाठी ब्रोमेट, माध्यम म्हणून सौम्य सल्फ्युरिक आम्ल आणि अर्थातच सायट्रिक आम्ल. सिरियमची गंमत अशी की त्याचा एक आयन पिवळा आणि दुसरा बिनरंगी. म्हणजे रिअॅक्शन कुठवर आली ते रंगावरून कळणार. अपेक्षा अशी की द्रावण पिवळं असेल, हळूहळू फिकं होईल आणि काम संपेल.

द्रावण फिकं झालं. मग पिवळं झालं. मग परत फिकं. घड्याळ लावून बघावं इतक्या नियमितपणे.

बेलूसोवनी निबंध लिहिला, कृती दिली, प्रमाणं दिली आणि एका नियतकालिकाकडे पाठवला. तो नाकारला गेला. हे अशक्य आहे, असा एकूण सूर. त्यांनी आणखी काही वर्षं काम केलं, जास्त तपशील गोळा केले, अभिक्रियेचं जमेल तेवढं विश्लेषण केलं आणि पुन्हा पाठवला. पुन्हा नकार. शेवटी १९५९ साली एका संक्षिप्त रूपात तो छापून आला. कुठे? तर किरणोत्सर्गाच्या वैद्यकाबद्दलच्या एका सारांशसंग्रहात. म्हणजे रसायनशास्त्रातला माणूस जिथे चुकूनही बघणार नाही अशा ठिकाणी. त्यानंतर बेलूसोवनी या विषयावर दुसरं काही छापलं नाही.

आता आपल्या धंद्यातलं उदाहरण द्यायचं तर, कोणीतरी बग रिपोर्ट पाठवलाय, रिप्रोड्यूस करायच्या स्टेप्स नीट लिहिल्यात, लागणारी प्रत्येक गोष्ट कपाटात आहे, आणि समोरचा माणूस एकदाही रन न करता "असं होऊच शकत नाही" म्हणून तिकीट बंद करतोय. चार बाटल्या कपाटातून काढून ओतायचं काम होतं. फार तर अर्धा तास!

पण संपादकांना नुसतं मूर्ख ठरवून मोकळं होणं बरोबर नाही. त्यांच्या आक्षेपामागे बऱ्यापैकी भक्कम कारण होतं, ते समजून घेतल्याशिवाय पुढची गोष्ट कळत नाही.

उष्मागतिकीचा दुसरा नियम सांगतो की बंद भांड्यातली रिअॅक्शन समतोलाच्या दिशेने जाते, एकाच दिशेने. उतारावरून खाली. मागे फिरणं नाही. लंबक झुलतो तेव्हा तो मधल्या बिंदूला ओलांडून पलीकडे जातो, तिथून परत येतो. रिअॅक्शनला हे जमत नाही. समतोलाला पोचली की खेळ खलास. मग पिवळ्याचं बिनरंगी झालं म्हणजे रिअॅक्शन पुढे गेली, आणि बिनरंगीचं पुन्हा पिवळं झालं म्हणजे मागे आली? नियम मोडला! सबब प्रयोगातच काहीतरी गडबड असणार. तर्क असा होता.

यातली चूक कुठेय ते बघायला शंकराच्या देवळात जाऊ. पिंडीवर टांगलेलं अभिषेकपात्र आठवा. त्यातल्या पाण्याची पातळी फक्त खाली जाते. एकदाही वर येत नाही. दुसरा नियम शंभर टक्के पाळला जातोय. पण खालच्या भोकाशी काय चाललंय? थेंब फुगतो, तुटतो, पडतो, पुन्हा नवा थेंब फुगायला लागतो. टप, टप, टप. पात्रातलं पाणी एका दिशेने चाललंय आणि तरी टोकाशी ताल आहे. बेलूसोवच्या भांड्यात सायट्रिक आम्ल आणि ब्रोमेट म्हणजे पात्रातलं पाणी, ते फक्त कमी होत जातं. सिरियमचा रंग म्हणजे भोकाशी लटकलेला थेंब. मधल्या टप्प्यावरच्या पदार्थांचं प्रमाण वरखाली होऊ शकतं, जोवर सगळी यंत्रणा समतोलापासून लांब आहे तोवर. नियम कुठेही मोडत नाही.

आणि हे १९५१ मध्ये अगदीच नवीन होतं असंही नाही. आल्फ्रेड लोटकाने १९१० साली आणि मग १९२० साली कागदावर दाखवून दिलं होतं की रिअॅक्शनचा एखादा पदार्थ स्वतःच स्वतःला वाढवत असेल तर प्रमाणं वरखाली होऊ शकतात. १९२१ साली अमेरिकेत बर्कलीच्या विल्यम ब्रे यांनी हायड्रोजन पेरॉक्साइड आणि आयोडेटच्या मिश्रणात प्रत्यक्ष असा ताल नोंदवला होता. त्यांच्याही वाट्याला तेच आलं. भांड्यात धूळ असेल, कचरा असेल, बुडबुड्यांचा परिणाम असेल, अशा शंका काढून ते काम कित्येक वर्षं बाजूला पडलं. म्हणजे पुरावा दोनदा समोर आला आणि दोन्ही वेळा त्यावर धुळीचा आळ गेला.

इथे एक योगायोग आहे, तो मला फार आवडतो. बेलूसोवचा निबंध मॉस्कोत नाकारला जात होता त्याच वर्षी, म्हणजे १९५१ च्या नोव्हेंबरमध्ये, लंडनच्या रॉयल सोसायटीकडे एक निबंध येऊन पडला. पाठवणारा मँचेस्टरचा अॅलन ट्युरिंग. हो, तोच, आपला ट्युरिंग, ट्युरिंग मशीनवाला. निबंधाचा विषय मात्र कॉम्प्युटर नव्हता. प्राण्यांच्या अंगावर ठिपके आणि पट्टे कसे येतात, एका गोल गुळगुळीत गर्भाला हातपाय कसे फुटतात, हा होता. १९५२ साली तो छापून आला. दोघांनाही एकमेकांचं नावसुद्धा माहीत नसणार.

ट्युरिंगचं म्हणणं ऐकायला उलटं वाटतं. पाण्यात शाईचा थेंब टाकला तर तो पसरतो आणि शेवटी सगळीकडे सारखा रंग होतो. पसरणं म्हणजे फरक पुसणं, हे आपल्याला पाठ आहे. ट्युरिंगने दाखवलं की दोन पदार्थ वेगवेगळ्या वेगाने पसरत असतील आणि एकमेकांशी विशिष्ट पद्धतीने वागत असतील, तर याच पसरण्यामुळे सारखेपणा मोडून नक्षी तयार होऊ शकते.

खाऊगल्लीचं उदाहरण घ्या. एका कोपऱ्यावर वडापावची गाडी चालायला लागली की शेजारी दाबेली येते, मग चायनीज, मग सरबत. गर्दी गर्दीला वाढवते. पण ही वाढ फक्त लगतच होते, हळूहळू. दुसरीकडे त्या गल्लीची ओढ मात्र लांबवर पोचते, आसपासच्या चार चौकांतली गिऱ्हाइकं तिकडे खेचली जातात आणि त्या चौकांत दुसरी खाऊगल्ली धरत नाही. बऱ्याच अंतरावर गेलं की ओढ संपते आणि तिथे नवी गल्ली उभी राहते. कोणी नकाशा आखलेला नसतो, तरी ठराविक अंतरांवर ठिपके पडतात. वाढवणारा पदार्थ सावकाश पसरणारा, अडवणारा पदार्थ भराभर पसरणारा. ट्युरिंगची अट ढोबळमानाने एवढीच.

अट सोपी, पण प्रयोगशाळेत पाळणं महाकठीण. पाण्यातले छोटे रेणू सगळे साधारण एकाच वेगाने पसरतात, सेंटिमीटरभर अंतर पसरत जायला दिवसभराचा वेळ. एकाला सावकाश जा आणि दुसऱ्याला पळ, असं सांगणार कसं? ट्युरिंग १९५४ मध्ये गेला. त्याची नक्षी काचेच्या भांड्यात दिसायला त्यानंतर छत्तीस वर्षं लागली.

तोवर मॉस्कोत काय झालं ते बघू. बेलूसोवची कृती मॉस्कोच्या प्रयोगशाळांतून हातोहात फिरत होती. कोणाची हे नीट कोणाला माहीत नाही, पण रंग बदलतो एवढं खरं. सिमोन श्नोल नावाच्या जीवरसायनशास्त्रज्ञाने तिच्या मुळाचा शोध घेतला आणि १९६१ साली आपल्या एका विद्यार्थ्याला या कामावर बसवलं. अनातोल झाबोतिन्स्की, वय वर्षं २३. त्याने सायट्रिक आम्लाच्या जागी मॅलोनिक आम्ल घेतलं, रंग आणखी स्वच्छ बदलायला लागला. पुढे फेरोइन हे लाल-निळं सूचक वापरात आलं आणि फिकट पिवळ्याच्या जागी चक्क लाल, निळं, लाल, निळं दिसू लागलं. झाबोतिन्स्कीने बेलूसोवना पत्रं लिहिली, त्यांची उत्तरंही आली. पण दोघांची प्रत्यक्ष भेट कधीच झाली नाही.

१९६८ साली प्रागमध्ये जैविक आणि जैवरासायनिक तालांवर एक परिषद झाली. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये त्या शहरात सोव्हिएत रणगाडे शिरले हे आपल्याला माहीत असतं. त्या परिषदेत झाबोतिन्स्कीच्या कामाची पश्चिमेकडच्या लोकांशी ओळख झाली हे फारसं माहीत नसतं. तिथून पुढे मात्र गाडी वेगाने धावली.

१९७० मध्ये झाइकिन आणि झाबोतिन्स्की यांनी हेच द्रावण पातळ थरात, न ढवळता पसरून ठेवलं. लाल पृष्ठभागावर निळे ठिपके उमटले, ठिपक्यांची वर्तुळं झाली, वर्तुळं मिनिटाला काही मिलिमीटर अशा गतीने पसरली आणि मागोमाग नवी वर्तुळं निघत राहिली. दोन लाटा भेटल्या की एकमेकींतून आरपार जात नाहीत, दोघीही विझतात. पाण्यावरच्या तरंगांसारखं इथे काही नाही. वणव्यासारखं आहे, समोर जळायला काही उरलं नाही की आग थांबते. १९७२ मध्ये आर्थर विनफ्री यांनी याच द्रावणात फिरत्या सर्पिल लाटा दाखवल्या. हृदयाच्या स्नायूत विजेच्या लाटा अशा फिरायला लागल्या की ठोक्यांची लय बिघडते, हा संबंध त्यातून पुढे आला आणि विषय एकदम दवाखान्यापर्यंत पोचला.

त्याच १९७२ साली अमेरिकेतल्या ओरेगनमध्ये फील्ड आणि नॉयस यांनी हंगेरीच्या कोरोश यांच्याबरोबर या रिअॅक्शनचं अंतरंग उलगडलं. तपशिलात न जाता सांगायचं तर सगळ्याची किल्ली ब्रोमाइडच्या हातात असते. ब्रोमाइड पुरेसं आहे तोवर द्रावण शांत. ते एका मर्यादेखाली गेलं की ब्रोमस आम्ल स्वतःला दुप्पट-चौपट करत सुटतं आणि सिरियमचा रंग पालटतं. पालटलेलं सिरियम सेंद्रिय आम्लावर तुटून पडतं, त्यातून नवं ब्रोमाइड बाहेर येतं आणि आग विझवतं. मग पुन्हा पहिल्यापासून. इन्फिनिट लूपच म्हणा ना. फक्त इन्फिनिट नाही, कारण इंधन संपतं.

आणि नेमकं हेच दुखणं होतं. बंद भांड्यातला खेळ शेकडो आवर्तनांनंतर का होईना, थांबतोच. शिवाय प्रत्येक आवर्तन आधीच्यापेक्षा थोडं वेगळं, कारण पात्रातलं पाणी सारखं उतरतंय. मोजमाप करायचं कशाचं?

उत्तर पुन्हा देवळातच आहे. गुरुजी वरून तांब्या ओतत राहिले आणि जादाचं पाणी वाहून गेलं तर थेंब कायम पडत राहतील. केमिकल इंजिनिअरिंगवाल्यांकडे अशी टाकी आधीपासून होती. एका बाजूने ताजी रसायनं पंपाने आत, दुसऱ्या बाजूने तेवढंच द्रावण बाहेर, मध्ये सतत ढवळणं. आता रिअॅक्शनला समतोल गाठताच येत नाही, तिला कायम लांब धरून ठेवलेलं असतं. आणि हातात एक नवं बटण येतं, ते म्हणजे प्रवाहाचा वेग. वेग वाढवा, ताल बंद. कमी करा, ताल सुरू. मधेच कुठेतरी ताल असा विस्कटतो की एक ठोका दुसऱ्यासारखा नाही, ज्याला केऑस म्हणतात ते. एकाच भांड्यात, त्याच रसायनांत, नुसता पंप फिरवून.

या टाकीमुळे अजून एक मोठी गोष्ट झाली. तोवर सापडलेल्या तालबद्ध रिअॅक्शन या अपघाताने सापडलेल्या होत्या. १९८१ साली फ्रान्समधल्या बोर्दोचे पात्रिक द केपर आणि अमेरिकेत ब्रँडाइसचे अर्व्हिंग एपस्टाइन व केनेथ कुस्टिन यांनी पहिल्यांदा ठरवून, आधी कागदावर विचार करून, अशी रिअॅक्शन बनवली. आर्सेनाइट, आयोडेट आणि क्लोराइट. अशक्य गोष्ट आता ऑर्डरप्रमाणे मिळू लागली. त्यानंतर अशा रिअॅक्शनची रांगच लागली.

आता ट्युरिंगकडे परत. १९९० साली बोर्दोच्या कास्ते, द्युलो, बॉइसोनाद आणि द केपर या चौघांनी जेलची एक पट्टी घेतली. तिच्या दोन्ही बाजूंनी वेगवेगळी रसायनं वाहती ठेवली, क्लोराइट, आयोडाइड आणि मॅलोनिक आम्ल या जातीची. जेलमुळे आत ढवळाढवळ नाही, फक्त पसरणं. आणि वाहत्या पुरवठ्यामुळे इंधन कधी संपत नाही. पट्टीच्या आत ठिपक्यांच्या रांगा उमटल्या, हलेनात, विझेनात. एकमेकांपासूनचं अंतर मिलिमीटरचा साधारण पाचवा हिस्सा. पुढच्या वर्षी टेक्सासमध्ये ओयांग आणि स्विनी यांनी अशाच रचनेत मधाच्या पोळ्यासारखी षट्कोनी नक्षी आणि पट्टे, दोन्ही काढून दाखवले.

पण मग ती अट? एकाने सावकाश, दुसऱ्याने भरभर? ते कसं जमलं? इथे नशीब मदतीला आलं. आयोडिनचा रंग डोळ्यांना दिसावा म्हणून जेलमध्ये स्टार्च घातला होता. (शाळेत बटाट्यावर आयोडिन टाकून निळा रंग बघितलाय तोच प्रकार.) स्टार्चचे अजस्त्र रेणू जेलच्या जाळीत अडकून बसले आणि जाताजाता आयोडाइडलाही धरून ठेवू लागले. वाढवणारा पदार्थ आपोआप मंद झाला, अडवणारं क्लोराइट मोकळं फिरत राहिलं. नुसतं दिसावं म्हणून घातलेल्या गोष्टीनेच घडवून आणलं! हे स्पष्टीकरण लेंग्येल आणि एपस्टाइन यांनी पुढच्या एक-दोन वर्षांत दिलं.

इथवर प्रवाहाचं काम म्हणजे स्वयंपाकघरात शिधा पोचवणं. नक्षी काढायची ती पसरण्याने. टोरांटोमध्ये आर्काडी रोविन्स्की आणि मायकेल मेन्झिंगर यांनी प्रश्न फिरवला. वेगवेगळ्या गतीने पसरवणं कठीण असेल, तर वेगवेगळ्या गतीने वाहवून बघू. एक पदार्थ जागच्या जागी बांधून ठेवायचा आणि बाकीचे त्याच्यावरून वाहू द्यायचे. १९९२ मध्ये त्यांनी सिद्धांत मांडला आणि १९९३ मध्ये प्रयोग छापला. नळीत आयन-एक्स्चेंज रेझिनचे कण भरले (पाणी मऊ करायच्या यंत्रात असतात त्या जातीचे), फेरोइन त्या कणांना चिकटवून टाकलं आणि बेलूसोव-झाबोतिन्स्की रिअॅक्शनची बाकी रसायनं नळीतून सोडली. प्रवाह बंद असताना सगळं शांत, एकसारखं. वेग एका मर्यादेपलीकडे गेला की नळीतून रंगाचे पट्टे धावायला लागले. ट्युरिंगच्या अटीपेक्षा ही अट सैल आहे. कोण पुढे, कोण मागे याला महत्त्व नाही, दोघांच्या वेगात पुरेसा फरक असला की झालं.

आणि मग त्याच टोरांटोतून १९९९ साली मॅड्स कॅर्न आणि मेन्झिंगर यांचा आणखी एक प्रयोग आला. माझ्या मते या सगळ्या कहाणीतला हा सर्वांत सुंदर प्रयोग. यात वेगात फरकसुद्धा लागत नाही. ढवळत्या टाकीतून तालबद्ध द्रावण एका लांब नळीत सोडायचं, सगळे पदार्थ एकाच वेगाने वाहतायत. नळीत पट्टे दिसतात, आणि ते पट्टे जागेवर उभे राहतात! द्रावण त्यांच्यातून वाहत पुढे जातंय आणि पट्टा तिथल्या तिथे.

यात जादू काही नाही. मॉलमधला सरकता जिना डोळ्यांसमोर आणा. जिन्यावर पाय ठेवणारा प्रत्येक माणूस त्याच क्षणी मनात मोजायला सुरुवात करतो आणि दर चार सेकंदांनी मोबाइलचा टॉर्च क्षणभर लावतो. जिन्याचा वेग सेकंदाला अर्धा मीटर धरा. चार सेकंदांत माणूस दोन मीटर वर गेलेला असतो. म्हणजे टॉर्च लागणार तो नेहमी दोन मीटरवर, मग चार मीटरवर, मग सहावर. माणसं बदलत राहतात, पण खालून बघणाऱ्याला उजेडाचे पट्टे ठराविक जागी स्थिर दिसतात. वेग गुणिले आवर्तनकाळ बरोबर दोन पट्ट्यांमधलं अंतर. एवढं साधं गणित. टाकीचं काम फक्त हे की नळीच्या तोंडाशी प्रत्येक थेंबाचं घड्याळ शून्यावर लावलेलं असावं. वेळेतला ताल प्रवाहाने उलगडून जागेवर मांडून ठेवला, बस्स.

आता यात जिना हलतोय की जिन्याचं टोक लांब सरकतंय, याने काय फरक पडतो? गणिताला काहीच नाही. आणि टोक सरकत जाणारी, म्हणजे वाढत जाणारी गोष्ट म्हणजे गर्भ. पाठीच्या कण्याचे मणके ज्या खंडांपासून बनतात ते खंड गर्भात डोक्याकडून शेपटीकडे एकेक करून, ठराविक वेळाने तुटत जातात. कोंबडीच्या पिल्लात दर ९० मिनिटांनी एक जोडी, माणसात साधारण पाच तासांनी. कुक आणि झीमन यांनी १९७६ सालीच म्हटलं होतं की पेशींमध्ये एखादं घड्याळ असलं पाहिजे. १९९७ मध्ये फ्रान्समधल्या पुर्किए यांच्या प्रयोगशाळेत इझाबेल पाल्मैरिम आणि सहकाऱ्यांना कोंबडीच्या गर्भात एक जीन खरोखरच ९० मिनिटांच्या तालावर चालूबंद होताना सापडलं. २००० साली कॅर्न, मेन्झिंगर आणि कोपनहेगनचे आक्सेल हुंडिंग यांनी दाखवलं की नळीतले उभे पट्टे आणि गर्भातले खंड एकाच प्रकारच्या गणितात बसवता येतात. प्रत्यक्ष गर्भात मामला अर्थातच जास्त गुंतागुंतीचा आहे. तिथे पेशी एकमेकांना निरोप देतात, कुठे थांबायचं ते ठरवणारे वेगळे रासायनिक इशारे असतात. पण घड्याळाचा ताल वाढीमुळे जागेवर मांडला जातो, हा गाभा दोन्हीकडे तोच.

बेलूसोव निघाले होते ते एका जैविक चक्राची नक्कल करायला. क्रेब्स चक्राची नक्कल म्हणून त्यांची रिअॅक्शन काही खास नाही, त्या दोघांत साम्य जुजबीच आहे. पण सजीवांमध्ये जे ताल असतात, लाटा असतात, नक्षी असते, ते सगळं निर्जीव रसायनांतही घडू शकतं, त्यासाठी वेगळी प्राणशक्ती लागत नाही, हे त्यांच्या त्या भांड्याने दाखवलं. गेलेल्या बसचा नंबर चुकला, पण गाव तेच निघालं.

१९८० साली सोव्हिएत सरकारने या कामाला लेनिन पारितोषिक दिलं. झाबोतिन्स्की, झाइकिन, क्रिन्स्की, इवानित्स्की आणि बेलूसोव अशी पाच नावं. बेलूसोव १९७० मध्येच वारले होते. झाइकिन-झाबोतिन्स्कीची वर्तुळं छापून आली तेच ते वर्ष. झाबोतिन्स्की १९९१ मध्ये अमेरिकेत ब्रँडाइसला गेला, त्याच एपस्टाइन यांच्याकडे, आणि २००८ मध्ये वारेपर्यंत तिथेच काम करत होता.

या सगळ्यात मला सतावणारा प्रश्न संपादकांबद्दलचा आहे. त्यांनी एक मागणी केली असती तर ती रास्त होती, की हे असं का होतं ते सांगा. पण त्याचं पूर्ण उत्तर द्यायला १९७२ उजाडावं लागलं, तेही तीन निष्णात लोकांना मिळून. एकट्या बेलूसोवकडून १९५१ मध्ये ते मागणं म्हणजे न छापण्याचाच सभ्य मार्ग. कारण माहीत नाही म्हणून घटना नाही, असं होत नाही ना? आपण रोज लॉग बघतो तेव्हा आधी मान्य करतो की सर्व्हर पडलाय, का पडला ते नंतर शोधतो. आणि चांगला नियम हाताशी असला की हे विसरायला जास्त सोपं जातं. दुसरा नियम खोटा नव्हता. तो वापरणाऱ्यांनी भांड्यात बघायचं सोडून नियमात बघितलं, इतकंच.

आज ही रिअॅक्शन जगभरच्या कॉलेजांत विद्यार्थ्यांना करून दाखवतात. (घरी करू नका हं, ब्रोमेट आणि सल्फ्युरिक आम्ल ही खेळायची रसायनं नाहीत. व्हिडिओ भरपूर आहेत, या शनिवारी एखादा बघा.) लाल, निळं, लाल, निळं. मुलं मोबाइलवर शूटिंग करतात आणि हे अशक्य आहे असं एकालाही वाटत नाही.